उशीवरचा जोड

देवीसमोर कुणाचे तरी बूट होते.

अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोतलं ते छोटंसं चर्च, शनिवार, बारा वाजत आलेले. आत कुणीच नव्हतं. रंगीत काचांमधून उजेड कुठे पडतो ते बघून ठेवावं म्हणून मी लवकर आले होते. बाजूच्या कोनाड्यात ग्वादालूपेच्या देवीची, म्हणजे येशूच्या आईच्या मेक्सिकन रूपाची, तसबीर, खाली दगडी पायरी, पायरीवर पांढऱ्या सॅटिनची उशी. उशीवर एक चमचमता मुकुट आणि मुकुटाला खेटून उंच टाचेचे बूट, दुधावरच्या सायीच्या रंगाचे.

"या पोरींना काही कळत नाही," मी मोठ्यानं म्हणाले आणि ते उचलले.

विचार वगैरे काही केला नाही. आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत पोरं बूट घालून थेट मखरापर्यंत येतात. ते बूट काढायला लावून दाराबाहेर नेऊन ठेवायचं खातं तेव्हा नऊ वर्षं माझ्याकडे होतं. हाताला सवयच झालेली. उचलताना अंगठा बुटाच्या कडेवरून फिरला. शिलाई हाताची होती. टाके बारीक, एकसारखे, कुठे दोरा चढलेला नाही. ते मला कळलं, आणि कळल्याबरोबर मी ते मनाबाहेर टाकलं. बाजूच्या दाराशी बाक होतं, बाकाजवळ पुठ्ठ्याचं मोठं खोकं. त्या खोक्याला लागून बूट जोडीनं ठेवले, हात जीन्सला पुसले आणि पुन्हा उजेड बघायला लागले.

ही सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची आणि शनिवार-रविवारी फोटो काढायची. बारशी, मुंजी, डोहाळजेवणं, मंडळाची हळदीकुंकवं. माझ्याबरोबर भाज्या चिरायला ग्रासिएला असायची, मेक्सिकोतली. एक दिवस कांदे चिरता चिरता ती म्हणाली, "रतन, माझ्या येसेनियाला पंधरावं लागतंय. फोटो तू काढायचे. दुसऱ्या कुणाला मी घरात घेणार नाही."

त्यांच्यात मुलीला पंधरावं लागलं की मोठा सोहळा करतात. चर्चमध्ये प्रार्थना, मग हॉल, जेवण, नाच. आमच्याकडे आजीच्या वेळी पोरगी मोठी झाली की मखरात बसवायचे, तशातलंच काहीतरी असणार असा मी अंदाज बांधला. फरक एवढाच की आमच्याकडे ते बायाबायांत कुजबुजत उरकायचे आणि इथे बँड लावतात. ग्रासिएलानं कार्यक्रमांची यादी दिली होती. प्रार्थना, वडिलांबरोबर नाच, केक. त्यात एक ओळ होती, 'बूट बदलणं, हॉलमध्ये, चार वाजता.' हॉलमध्ये म्हणजे हॉलमध्ये, असं मी धरून चालले. चर्चशी त्याचा काही संबंध असेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

चर्चच्या मागच्या खोलीत येसेनियाला सजवणं चाललं होतं. मोरपंखी रंगाचा तो झगा एवढा मोठा की पोरगी त्यात बसली आहे की झगाच पोरीवर बसला आहे ते कळेना. खाली पायात मात्र रोजचे सपाट कापडी बूट.

"हे काय गं?" मी विचारलं. "एवढा थाट आणि पायात हे?"

"तिया, हे मुद्दाम आहेत," येसेनिया म्हणाली. तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू सगळं एकच. ती मला पहिल्या दिवसापासून तिया म्हणायची. "आज संध्याकाळी पपा माझ्या पायातले हे काढणार आणि उंच टाचेचे घालणार. मग मी मोठी झाले. तोपर्यंत उंच टाचा घालायच्या नाहीत."

"हलू नकोस," ग्रासिएला तोंडात पिना धरून म्हणाली.

"पण तिया, खरं सांगू? मला धडकी भरली आहे." येसेनियानं आवाज बारीक केला. "ते बूट पपानं स्वतः केलेत. चार महिने गॅरेजला कुलूप. मला आजपर्यंत बघूसुद्धा दिले नाहीत. वर्तमानपत्रावर पाय ठेवायला लावला, पेन्सिलनं आखून घेतला, बस्स. ते म्हाताऱ्या बायकांसारखे असले तर? माझ्या सगळ्या मैत्रिणी येणार आहेत."

"तुझे वडील तर टायरच्या दुकानात काम करतात ना?" मी म्हटलं.

"इथे टायर," ग्रासिएलानं पिना काढल्या. "तिकडे लिओनमध्ये बूटच करायचा. तेराव्या वर्षी कारखान्यात गेला. आमचं गावच बुटांचं. इथे आल्यापासून सोळा वर्षं त्यानं चामड्याला हात लावला नव्हता. आता हिच्यासाठी लावला. रात्री हाताला पट्ट्या बांधून झोपायचा, एवढं कापून घेतलं होतं."

"आणि आता कुठे आहेत ते बूट?"

हे मी विचारलं खरं, पण विचारतानाच दाराशी ठेवलेला तो जोड आठवला होता.

"देवीसमोर," ग्रासिएला म्हणाली. "मुकुटाबरोबर उशीवर. रोमुलोच्या घरची रीत आहे. जोड चांगला जमला की आधी तिला दाखवायचा, मगच पायात. आज फादर त्याच्यावर पाणी शिंपडतील."

कॅमेऱ्याची लेन्स बदलायची आहे असं काहीतरी पुटपुटत मी तिथून निघाले. खोलीच्या दारापर्यंत चालले आणि पुढे पळत सुटले.

बाजूच्या दाराशी बाक होतं. बूट नव्हते. खोकंही नव्हतं.

ओल्गा नावाच्या एक म्हाताऱ्या बाई तिथे झाडत होत्या. चर्चची सगळी व्यवस्था त्याच बघायच्या.

"इथलं खोकं?" मी विचारलं.

"गाडी घेऊन गेली की. शनिवारी येते." त्यांनी भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं. गरजूंसाठी कपडे आणि बूट इथे ठेवावेत. माझ्या नाकासमोर लावलेला कागद, तोही दोन भाषांत. "आज कुणीतरी फार सुंदर बूट ठेवले होते. खोक्याबाहेर राहिले होते, मी आत टाकले. देव त्यांचं भलं करो."

"कुठे नेतात?"

"चर्चच्या जुन्या कपड्यांच्या दुकानात. तीन वाजता बंद होतं."

मी काही बोलणार तेवढ्यात घंटा सुरू झाली. एकाच्या प्रार्थनेला माणसं आत यायला लागली होती. सगळ्यांत पुढे येसेनियाचे वडील रोमुलो, भाड्याचा काळा कोट घालून, केसांना पाणी लावून भांग पाडलेला. मी त्यांना मनातल्या मनात रोमुलोभाऊ म्हणायची. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. नखांतलं टायरचं काळं कितीही घासलं तरी जात नसे. त्या दिवशी त्यांनी ते इतकं घासलं होतं की बोटांची टोकं लाल झाली होती.

"सेन्योरा," ते मला म्हणाले, "फादर उशीवर पाणी शिंपडतील तेव्हाचा फोटो नक्की काढा. बाकी एखादा चुकला तरी चालेल."

मी मान हलवली. त्या वेळी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही. भित्री होते, दुसरं काही कारण नाही.

त्या तासाभराचे दोनशे फोटो माझ्याकडे आहेत. त्यातला एक मी आजवर कुणालाच दाखवलेला नाही. फादर उशीपाशी येतात, हातात पाण्याचं भांडं. उशीवर नुसता मुकुट. रोमुलोभाऊ आधी उशीकडे बघतात, मग उशीच्या पलीकडे, मग खाली पायरीवर, घरात चष्मा शोधावा तसे. मग ग्रासिएलाकडे. ती खांदे उडवते. फादर थांबत नाहीत, त्यांना काय ठाऊक. मुकुटावर पाणी पडतं. सगळं चर्च मुकुटाकडे बघतंय आणि हा माणूस उशीच्या रिकाम्या अर्ध्या भागाकडे. बोट आपोआप दाबलं गेलं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो फोटो चुकला नाही.

प्रार्थना संपली. बाहेर येसेनियाच्या मैत्रिणी तिचा झगा गाडीत कोंबायला लागल्या. रोमुलोभाऊ एकटेच परत आत शिरत होते. मी त्यांना दारातच गाठलं.

"तुमचे बूट मी उचलले."

त्यांना कळलं नाही. माझं स्पॅनिश स्वयंपाकघरात शिकलेलं. त्यात कांदा, चमचा, गरम आहे, सांभाळ, एवढं उत्तम यायचं. माफी मागायची वेळ कधी आली नव्हती. मग जसं जमेल तसं, दोन भाषा आणि दोन हात वापरून, सगळं सांगितलं. उशी, बाक, खोकं, गाडी. कुणीतरी विसरून गेलं असं मला वाटलं, तेही सांगितलं. माझी चूक आहे, असं तीनदा म्हणाले.

ते ओरडतील असं मला वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तीनला बंद होतं?"

"हो."

"ट्रकमध्ये बसा."

बायकोला त्यांनी ओरडून सांगितलं, "सेन्योराला घेऊन एक काम करून येतो! तुम्ही हॉलवर चला!" आणि आम्ही निघालो.

त्यांचा जुना ट्रक, आत रबराचा वास. सिग्नलला थांबलो की ते स्टिअरिंगवर बोटं वाजवायचे.

"चांगले झाले होते हो," एका सिग्नलला ते म्हणाले. मला नाही, समोरच्या काचेला. "पहिले दोन जोड फेकून दिले. हातांना आठवतंय की नाही तेच कळत नव्हतं. तिसऱ्याला आठवलं."

"मी फार—"

"येसेनिया मैत्रिणींना सांगते, माझे वडील मोटारींच्या धंद्यात आहेत." ते हसले. "खोटं नाही. टायर मोटारीलाच असतो. पण मला वाटलं, एकदा तरी तिनं सांगावं की वडील काय करतात ते."

ते हसत होते म्हणून मीही हसायला हवं होतं. मला हसू आलं नाही. मंडळात बायका विचारायच्या, माहेर कुठलं? मी सांगायची, कोल्हापूर. वडील काय करतात? धंदा आहे. एवढ्यावर त्या खूश असायच्या आणि मीही.

दुकानात पोचलो तेव्हा अडीच वाजून गेले होते. जुन्या कपड्यांचे हँगर, कपबश्या, एक मोडकं डुलणारं लाकडी घोडं. मागच्या भिंतीला बुटांची मांडणी. एका थोराड बाईनं सायीच्या रंगाचे बूट छातीशी धरले होते.

"ते आमचे आहेत," मी म्हणाले.

"तुमचे?" बाईनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "मी आधी उचलले. माझ्या मुलीला नोकरीच्या मुलाखतीला हवेत."

"चुकून आले इथे."

"असं कुणीही म्हणेल. नाव लिहिलंय का त्यावर तुमचं?"

मी रोमुलोभाऊंकडे बघितलं. त्यांनी बोलावं, बूट त्यांचे. पण ते मांडणीसमोर तसेच उभे होते. फाटके, टाचा झिजलेले, दुसऱ्यांनी टाकून दिलेले बूट ओळीनं लावलेले, आणि त्या ओळीतून आपले बूट कुणीतरी उचललेले.

"नाव नाहीच आहे," मी म्हणाले. "तेच म्हणते मी. कंपनीचं नाव शोधा बरं. आत बघा, तळाला बघा."

बाईनं बूट उलटे केले. नाव कुठेच नव्हतं.

"नंबर?"

"नंबरपण नाही," ती म्हणाली.

"आता दोन्ही तळ एकमेकांना लावून बघा. उजवा थोडा रुंद आहे. आहे की नाही? कारखान्यात असे करत नाहीत. हे एकाच मुलीच्या पायाचे आहेत. तिचा उजवा पाय मोठा आहे. आणि ही कड बघा." मी तिच्या हातातला बूट तिरपा केला. "इथे चामडं दुमडायच्या आधी रापीनं तासून पातळ केलंय, कागदासारखं. नाहीतर इथे गाठ आली असती आणि पोरीचा घोटा सोलून निघाला असता. हे टाके मशीनचे नाहीत. आधी आरीनं भोक, मग दोन सुया दोन्हीकडून. एक टाका घालायला एक श्वास लागतो. हे या माणसानं चार महिने बसून केलंय. त्याच्या मुलीला आज पंधरावं लागलंय आणि चार वाजता त्यानं हे तिच्या पायात घालायचे आहेत."

बाकी सगळं इंग्रजीत, रापी आणि आरी मात्र मी मराठीतच म्हणाले. दुसरे शब्द मला येतच नाहीत.

त्या बाईनं रोमुलोभाऊंच्या कोटाकडे बघितलं, लाल झालेल्या बोटांकडे बघितलं.

"पंधरावं?" ती म्हणाली. "अहो, मग ते आधी सांगायचं! एवढं भाषण कशाला?" तिनं बूट त्यांच्या हातात दिले आणि वर त्यांच्या दोन्ही गालांचे मुकेही घेतले. "मुलीला माझे आशीर्वाद सांगा."

ट्रकमध्ये बसल्यावर त्यांनी बूट मांडीवर घेतले, उलटसुलट करून बघितले, कुठे चरा गेलेला नाही याची खात्री केली. ट्रक सुरू केला नाही.

"उजवा पाय मोठा आहे," ते म्हणाले. "तिच्या आईलाही ठाऊक नाही. सेन्योरा, तुम्ही हे कुणाकडे शिकलात?"

"शिकले नाही. बघितलंय."

"कुणाचं?"

"वडिलांचं."

"ते काय करतात?"

धंदा आहे, हे ओठांवर आलं होतं. सवयीनं आलं होतं. पण त्या ट्रकमध्ये, त्या माणसासमोर, ते वाक्य मला जड झालं.

"चपला करतात," मी म्हणाले. "सापातेरो आहेत. त्यांचे वडीलही तेच होते. आमच्या घरात सगळे चांभारच."

"सापातेरो!" रोमुलोभाऊंनी हॉर्नवर मूठ आपटली. रस्त्यावरून जाणारं एक कुत्रं दचकलं. "आणि हे आत्ता सांगता? कशा चपला? कसलं चामडं?"

मग मी सांगत गेले, तशाच मोडक्यातोडक्या दोन भाषांत. कागलजवळचं आमचं गाव. पावसाळ्यात वाळायचं नाही म्हणून चुलीवर टांगलेलं चामडं. आबांच्या, माझ्या वडिलांच्या, हातच्या चपलेची करकर, जी ऐकून माणूस कुठल्या गल्लीतून येतोय ते कळायचं. तळव्याखाली दाबून धरलेलं लाकूड, दातांत धरलेली वादी. हे सगळं मी तोपर्यंत अमेरिकेत एकाही माणसाला सांगितलेलं नव्हतं. ते लहान मुलासारखे ऐकत होते. मध्येच त्यांनी ट्रक सुरू केला. निम्म्या वाटेवर आल्यावर त्यांचा चेहरा बदलला.

"एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"सापातेरोची मुलगी तुम्ही. शिलाई हाताची आहे हे उचलतानाच कळलं असेल तुम्हाला."

"कळलं होतं."

"मग देवीसमोरून का उचलले?"

खिडकीबाहेर एकामागून एक दुकानं मागे जात होती.

"आमच्याकडे चपला देवापुढे ठेवत नाहीत," मी म्हणाले. "बाहेर काढतात. उंबऱ्याच्या बाहेर."

"तुमच्या वडिलांनी केलेल्यासुद्धा?"

"त्यासुद्धा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आबा हत्यारांची पूजा करतात. रापी, आरी, हातोडी पाटावर मांडून, हळदीकुंकू वाहून. पण केलेला जोड कधी पाटावर ठेवला नाही. तो बाहेर."

"आणि ते स्वतः?"

"ते स्वतः काय?"

"त्यांना देवळात आत जाऊ देतात?"

हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. ज्यांना ठाऊक होतं त्यांना विचारायची गरज नव्हती, आणि ज्यांना ठाऊक नव्हतं त्यांना मी जवळ येऊ दिलं नव्हतं.

"आता देतात," मी म्हणाले. "कुणी अडवत नाही. पण लहानपणी अडवायचे, ते त्यांच्या पायांत बसलंय. अजून ते पायरीखालीच उभे राहून हात जोडतात. मी ओढून नेलं तरी येत नाहीत. म्हणतात, हितनं दिसतंय की."

मला रडू आलं. चांगलं घळाघळा आलं, लपवण्यासारखं नव्हतं. रोमुलोभाऊंनी खिशातला इस्त्रीचा रुमाल दिला, तो त्यांनी मुलीबरोबर नाचताना लागेल म्हणून ठेवला असणार. मग त्यांनी ट्रक वळवला. हॉलच्या रस्त्यावरून, उलटा, चर्चकडे.

"उशीर होईल," मी म्हणाले.

"होऊ दे."

चर्च पुन्हा रिकामं झालं होतं. दाराशी ओल्गाबाईंचा झाडू टेकवलेला. उशी पायरीवर तशीच होती, मुकुट आता येसेनियाच्या डोक्यावर गेलेला. रोमुलोभाऊंनी बूट माझ्या हातात दिले.

"तुम्ही उचलले, तुम्हीच ठेवा."

मी माझे बूट दाराशी काढले. ते म्हणाले, "इथे काढत नाहीत," मी म्हटलं, "असू दे." अनवाणी त्या थंड फरशीवरून मी हातात तो जोड घेऊन गेले. सकाळी एका हातात लोंबकळत नेला होता, आता ओंजळीत धरला होता. खरं सांगायचं तर वाकताना हात थबकला. इतक्या वर्षांची सवय, ती अशी सहज सुटत नाही. मग आबांची पाठ आठवली, दिवसभर वाकलेली, आणि मी बूट उशीवर ठेवले. टाचा आमच्याकडे, टोकं देवीकडे.

रोमुलोभाऊंनी दाराजवळच्या भांड्यातलं पवित्र पाणी बोटांवर घेतलं आणि बुटांवर शिंपडलं. मग माझ्या दोन्ही हातांवरही शिंपडलं.

"किती वेळ ठेवायचे?" मी विचारलं.

"तिनं बघितले की झालं."

मी एकच फोटो काढला. फ्लॅश न लावता, काचांतून येणाऱ्या उजेडात.

हॉलवर पोचलो तेव्हा साडेचार झाले होते आणि ग्रासिएलाचा पारा चढला होता. "कुठे होता? आणि बूट उशीवर का नव्हते?"

"घरीच विसरलो होतो," रोमुलोभाऊ म्हणाले. "सेन्योरा बरोबर आली म्हणून सापडले."

"विसरलास! चार महिने दुसरं काही बोलला नाहीस आणि विसरलास!" ती त्यांना तासभर तरी बोलली असती, पण बँड सुरू झाला. त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

हॉलच्या मध्यभागी खुर्चीवर येसेनिया बसली. रोमुलोभाऊ गुडघे टेकून तिच्या पायांशी बसले, कापडी बुटांची नाडी सोडली. मग त्यांनी चर्चमधून बुटांसकट आणलेल्या उशीवरचं फडकं काढलं. येसेनियानं ते बूट पहिल्यांदा बघितले. मी तिच्या चेहऱ्यावर लेन्स रोखून होते. म्हाताऱ्या बायकांसारखे असतील म्हणून घाबरलेल्या त्या पोरीनं आपणहून पाय पुढे केला. उजवा पाय आत गेला, बरोबर बसला. डावा गेला. ती उभी राहिली, डगमगली, वडिलांचा खांदा धरून सावरली. मग कोपऱ्यातल्या मैत्रिणींच्या टेबलाकडे वळून, बँडच्याही वर आवाज काढून ओरडली, "हे माझ्या पपानं केलेत! स्वतः! हातानं!"

रोमुलोभाऊ अजून गुडघ्यांवरच होते. त्यांचा रुमाल माझ्याकडे होता, म्हणून त्यांनी भाड्याच्या कोटाच्या बाहीला डोळे पुसले. तोही फोटो आहे.

पुढच्या आठवड्यात मी आबांना एक फोटो पाठवला. येसेनियाचा नाही, उशीवरच्या जोडाचा. पाठीमागे सगळं लिहिलं, कुणी केले, कुणासाठी, कुठे ठेवले. महिन्यानं फोनवर विचारलं.

"फोटू आला," आबा म्हणाले. "शिलाई झ्याक हाय. टाच लई उंच केलीया, पोरगी पडंल."

"नाही पडली, आबा."

"फिरंगी देवी हाय व्हय ती?"

"हो."

"तिच्यासमोर ठेवल्यात?"

"मीच ठेवले, आबा."



"बरं," ते म्हणाले. "जेवलीस काय?"

फोटो कुठे लावला ते विचारलं की म्हणायचे, हाय हितंच. दोन वर्षांनी आबा गेले. मला पोचायला तिसरा दिवस उजाडला. घर सारवलेलं, बाहेर सोप्यात त्यांचं चामडं कापायचं लाकूड, शेजारी अर्धवट राहिलेला एक जोड. मी आत गेले. देव्हाऱ्यात जोतिबाची तसबीर, अंबाबाईची तसबीर, आणि दोघांच्या मध्ये जागा करून, काचेची चौकट करून लावलेला, मी पाठवलेला तो बुटांचा फोटो. काचेवर, दोन्ही बुटांच्या टोकांवर, हळदीकुंकवाची बोटं उठलेली होती. एक-दोन दिवसांची नव्हती. थरावर थर चढून ती वाळली होती.

मंडळात आता कुणी विचारलं, वडील काय करायचे, तर मी सांगते.